मुंबई चॅम्प्स : मुंबईत एकही मॅच न खेळलेली मुंबईची टीम

आजचा भाग मी पोशीरच्या घरून रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मध्येच कोंबडा आरवला किंवा आजीने हाक मारली तर समजून घ्या. पुण्याच्या फ्लॅटमधली शांतता इथे मिळत नाही आणि खरं सांगायचं तर नकोच असते.

या दिवाळीत माळा साफ करताना मला एक वही सापडली. दोनशे पानी, लांब आकाराची. २००७-०८ च्या हिवाळ्यात आमच्या गावात ज्या टेनिस बॉलच्या मॅच झाल्या, त्यांचं ते स्कोअरबुक. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अक्षर बरं होतं म्हणून मोठ्या पोरांनी मला स्कोअरर केलं होतं. वहीच्या कव्हरवर माझ्याच अक्षरात, स्केचपेनने, ठळक लिहिलंय : ‘मुंबई चॅम्प्स’.

ऑफिसमधल्या मित्राला फोटो पाठवला तर त्याने विचारलं, "मुंबई इंडियन्स लिहायचं होतं का?" नाही रे बाबा. मुंबई इंडियन्स तेव्हा मैदानात उतरलीच नव्हती. त्याआधी मुंबईची एक टीम होती. कॅप्टन ब्रायन लारा. हो, तोच लारा. कोच संदीप पाटील. ती टीम जेमतेम एक वर्ष खेळली आणि नंतर कुणाला आठवेनाशीसुद्धा झाली. आज तिची गोष्ट सांगणार आहे. आणि शेवटी त्या वहीतल्या एका पानाबद्दल, जे माझ्या मनात गेले काही दिवस अडकून बसलंय.

तर गोष्ट सुरू होते टीव्हीपासून. खेळापासून नाही, टीव्हीपासून.

भारतात क्रिकेट कोण दाखवणार, हा हजारो कोटींचा प्रश्न आहे हे आपल्याला आता माहीतच आहे. सुभाष चंद्र यांच्या झी समूहाला हे हक्क हवे होते. २००४ मध्ये त्यांनी मोठी बोली लावली, पण प्रकरण फिसकटलं आणि थेट सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला : बीसीसीआय म्हणजे नक्की कोण? सरकारी यंत्रणा की खासगी संस्था? फेब्रुवारी २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३ विरुद्ध २ अशा मतांनी सांगितलं की बीसीसीआय ही घटनेच्या कलम १२ च्या अर्थाने ‘राज्य’ नाही. म्हणजे टीम ‘इंडिया’ म्हणून खेळते, पण ती निवडणारी संस्था सरकारचा भाग नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००६ मध्ये पुढच्या चार वर्षांचे देशांतर्गत हक्क निंबस या कंपनीला गेले, ६१ कोटी २० लाख डॉलरला. झीच्या हातात पुन्हा काही नाही. मग सुभाष चंद्र यांनी ठरवलं, क्रिकेट दाखवायला मिळत नसेल तर क्रिकेटच तयार करू. एप्रिल २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीगची, म्हणजे आयसीएलची घोषणा झाली.

ही आयडिया पहिल्यांदाच कुणाला सुचली असं नाही हं. तीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात केरी पॅकरने हेच केलं होतं. त्याच्या चॅनेल नाइनला हक्क मिळाले नाहीत, म्हणून १९७७ मध्ये त्याने जगातले मोठे खेळाडू करारावर घेतले आणि स्वतःची वर्ल्ड सीरिज क्रिकेट उभी केली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाने त्याच्याशी तडजोड केली. आज आपण प्रकाशझोतात, रंगीत कपड्यांत, पांढऱ्या चेंडूने वनडे बघतो, ती सवय लावण्यात पॅकरचा मोठा वाटा आहे. झीच्या डोळ्यांसमोर तेच उदाहरण असणार.

आयसीएलच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुख झाले कपिल देव. सोबत किरण मोरे, टोनी ग्रेग, डीन जोन्स. सहा टीम ठरल्या : चेन्नई सुपरस्टार्स, चंदीगड लायन्स, दिल्ली जेट्स, हैदराबाद हीरोज, कोलकाता टायगर्स आणि आपली मुंबई चॅम्प्स. आयपीएलसारखे वेगवेगळे मालक नव्हते. सगळ्या टीम एकाच समूहाच्या. शहरांची नावं दिलेली, पण चाव्या एकाच खिशात.

मुंबईला लारा मिळाला. एप्रिल २००७ मध्ये तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला होता आणि वर्ष संपायच्या आत मुंबईचा कॅप्टन म्हणून उभा होता. न्यूझीलंडचा नेथन अ‍ॅस्टल होता. कोच संदीप पाटील, म्हणजे १९८३ च्या वर्ल्ड कप टीममधले आपले सॅंडीभाई. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये केनियासारखी टीम सेमीफायनलला पोचली तेव्हा तिचे कोच हेच होते. म्हणजे हलक्यात घ्यावी अशी टीम अजिबात नव्हती.

३० नोव्हेंबर २००७ ला पहिली मॅच झाली. त्याआधी दोनच महिने, २४ सप्टेंबरला, धोनीच्या टीमने जोहान्सबर्गला पाकिस्तानला ५ धावांनी हरवून पहिला ट्वेंटी-२० वर्ल्ड कप आणला होता. गावागावात पोरं वीस ओव्हरच्या नादाला लागली होती. आमच्या आळीत एका काकांकडे डिश होती. त्यांच्या पडवीत आम्ही पंधरा-वीस जण बसायचो आणि झी स्पोर्ट्सवर या मॅच बघायचो. आमच्यासाठी ती फुकटची जत्रा होती. ‘बंडखोर लीग’ वगैरे शब्द मला माहीत नव्हते. मला एवढंच कळत होतं की लारा मुंबईकडून खेळतोय. वहीवर नाव आलं ते तिथून.

आता एक साधा प्रश्न. समजा तेव्हा मला आणि माझ्या चुलतभावाला ही टीम प्रत्यक्ष बघायची असती, तर? पोशीरहून सहा आसनी रिक्षाने नेरळ. नेरळहून सीएसएमटीकडे जाणारी लोकल. दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेवर जायचं, चर्चगेटची गाडी धरायची आणि चालत वानखेडे. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत आरामात पोचतो माणूस.

पण वानखेडेला मुंबई चॅम्प्स नव्हतीच. ती होती पंचकुलाला, चंदीगडशेजारी. रस्त्याने दीड हजार किलोमीटरच्या वर.

कारण असं की देशातली बहुतेक मोठी स्टेडियम बीसीसीआयशी संलग्न असलेल्या संघटनांकडे आहेत. बोर्डाने आयसीएलला मान्यता दिली नाही आणि ती सगळी दारं बंद झाली. मग राज्य सरकारांची, पालिकांची मैदानं शोधायची वेळ आली. तेव्हाचे रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेची मैदानं द्यायची तयारी दाखवली होती. शेवटी लीग फिरत राहिली ती पंचकुला, हैदराबाद, गुरगाव आणि अहमदाबाद इथे. मुंबईची टीम मुंबईत एकदाही खेळली नाही.

विचार करा ना. घरचं मैदान म्हणजे काय असतं? तुमच्या कॉलेजचा मित्र गेटवर भेटतो. कुणाचा तरी मामा ग्राउंड स्टाफमध्ये असतो. हरलात तर परतीच्या लोकलमध्ये पनवेलपासून बदलापूरपर्यंतचे लोक शिव्या घालतात. टीम आपली होते ती या सगळ्यातून. मुंबई चॅम्प्सला हे काहीच मिळालं नाही. टीव्हीच्या पट्टीवर तीन अक्षरं होती, ‘मुंबई’, आणि त्यामागे गाव नव्हतं.

पण मैदान बंद करणं हा छोटा भाग झाला. मोठा भाग माणसांचा.

बीसीसीआयने जाहीर केलं की जो आयसीएलमध्ये जाईल त्याला बोर्डाच्या क्रिकेटचं दार बंद. ऑगस्ट २००७ मध्ये कपिल देव यांना नॅशनल क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन! आणि खेळाडूंसाठी याचा अर्थ होता : रणजी नाही, दुलीप नाही, भारताकडून खेळायचं स्वप्न तर विसराच.

लारा किंवा इंझमाम यांचं काय, त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द झाली होती. पण या टीममध्ये निम्म्याहून जास्त पोरं भारतातली होती. कुणी रणजी खेळून संघाबाहेर गेलेला, कुणी अठरा-वीस वर्षांचा, कुणी वर्षानुवर्षं धावा करूनही निवड समितीच्या नजरेत न आलेला. तेव्हा आयपीएल नव्हतं. रणजीत खेळणाऱ्या बहुतेकांना बँकेची, रेल्वेची किंवा तेल कंपनीची नोकरी हाच आधार होता. अशा पोराकडे कुणी पक्क्या पगाराचा करार घेऊन आलं तर त्याने काय करावं? मी इंजिनिअर आहे, चांगली ऑफर आली की आम्ही कंपनी बदलतो, त्याचे पेढेही वाटतो. नोटिस पिरियड संपला की विषय संपला. इथे मात्र एकदा गेलात की त्या धंद्यातली बाकी सगळी दारं बंद. कारण क्रिकेट नावाच्या धंद्यात नोकरी देणारा दुसरा कुणी नव्हताच.

थोडं बोर्डाच्या बाजूनेही बोलूया, कारण ती बाजू पोकळ नाही. एका खेळाला एकच संस्था असली की वेळापत्रक, वयोगट, पंच, भ्रष्टाचारविरोधी पथक हे सगळं एका छताखाली राहतं. आणि आयसीएल काही संतांची नव्हती. पुढे अनेक खेळाडूंनी आपले पैसे थकल्याच्या तक्रारी केल्या. न्यूझीलंडचा लू व्हिन्सेंट चंदीगडकडून खेळायचा. त्याने २०१४ मध्ये मॅच फिक्सिंगची कबुली दिली, आणि त्याच्या त्या धंद्याची सुरुवात आयसीएलमधलीच होती. तेव्हा ‘बिचारी छोटी लीग आणि दुष्ट बोर्ड’ एवढी सोपी ही गोष्ट नाही.

बरं, मैदानावर काय झालं? पहिली स्पर्धा डिसेंबर २००७ मध्ये संपली, चेन्नईने चंदीगडला हरवून जिंकली. मार्च-एप्रिल २००८ मध्ये दुसरी झाली, तोवर अहमदाबाद रॉकेट्स आणि लाहोर बादशाह या दोन टीम वाढल्या होत्या. ती हैदराबादने जिंकली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००८ मधली तिसरी लाहोरने जिंकली. मुंबई चॅम्प्सच्या कपाटात एकही कप नाही. नाव ‘चॅम्प्स’ असून.

दरम्यान बोर्डाने खरा डाव टाकला होता. सप्टेंबर २००७ मध्ये आयपीएलची घोषणा झाली. आयसीएलच्या दुसऱ्या स्पर्धेची फायनल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि १८ एप्रिल २००८ ला बंगळुरूत आयपीएल सुरू झालं. मधे दोन आठवडेसुद्धा गेले नाहीत. ‘मुंबई’ हे नाव तिथे ११ कोटी १९ लाख डॉलरला विकलं गेलं, आणि त्या मुंबईकडे वानखेडे होतं, सचिन होता. काकांच्या पडवीत आम्ही त्याच जागी, त्याच गोणपाटावर बसून चॅनेल बदललं. कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही. मला तर नाहीच.

नोव्हेंबर २००८ मध्ये आयसीएलची वर्ल्ड सीरिज अहमदाबादला चालू होती. २६ तारखेला मुंबईवर हल्ला झाला आणि स्पर्धा अर्ध्यावर थांबवली. त्यानंतर ही लीग पुन्हा उभी राहिली नाही. जगभर मंदी होती, जाहिराती आटल्या होत्या, आणि प्रेक्षकांना आता मान्यताप्राप्त, झगमगती दुसरी लीग मिळाली होती. एप्रिल २००९ मध्ये बीसीसीआयने माफी जाहीर केली : ३१ मेपर्यंत आयसीएल सोडा, बोर्डाच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये परत या, आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी मात्र एक वर्ष थांबा. सत्तरहून जास्त भारतीय खेळाडू परतले. मुंबई चॅम्प्स संपली. निरोपाची मॅच नाही, समारंभ नाही. सर्व्हर बंद करावा तशी.

आता गंमत बघा. परत आलेल्यांत अंबाती रायुडू होता. २००४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये भारताचा कॅप्टन असलेला मुलगा, आयसीएलमध्ये हैदराबादकडून खेळला. २०१० मध्ये तो आयपीएलमधल्या मुंबईत आला आणि २०१३ मध्ये हरारेला भारताकडून पहिल्याच वनडेत नाबाद ६३ धावा केल्या. दुसरा स्टुअर्ट बिन्नी, तोही हैदराबादचाच. १७ जून २०१४ ला मीरपूरला बांगलादेशविरुद्ध त्याने ४ धावांत ६ विकेट घेतल्या आणि अनिल कुंबळेचा ६ बाद १२ चा भारतीय विक्रम मोडला.

आणि या दोघांना भारतीय संघात पहिल्यांदा घेतलं तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष कोण होते? संदीप पाटील. मुंबई चॅम्प्सचे कोच. तेही माफी घेऊन परतले होते, २०१२ ते २०१६ या काळात मुख्य निवडकर्ते होते. ज्यांना क्रिकेटच्या बाहेर काढलं होतं, तेच आत बसून टीम निवडत होते. कपिल देव यांचाही बोर्डाशी समेट झाला, २०१२ मध्ये.

म्हणजे ‘शेवट गोड’ म्हणून भाग संपवायचा का? थांबा.

रायुडू आणि बिन्नी यांची नावं आपण घेतो कारण ते परत येऊन मोठे झाले. बाविसाव्या वर्षी गेलेला चोविसाव्या वर्षी परत आला तर वेळ असतो. बत्तिसाव्या वर्षी गेलेल्याला नसतो. बाकीच्यांचं काय झालं हे बघायला मी एका संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसलो. आणि तिथे मला या गोष्टीचा खरा खिळा दिसला.

आयसीएलमध्ये झालेल्या मॅच अधिकृत ट्वेंटी-२० धरल्या जात नाहीत. तिथे केलेलं अर्धशतक, घेतलेल्या विकेट, धावबाद, झेल, काहीच त्या खेळाडूच्या अधिकृत ट्वेंटी-२० आकड्यांत मोजलं जात नाही. त्याच्या कारकिर्दीच्या तक्त्यात २००७ ते २००९ हा काळ मोकळा असतो. नुसतं बघणाऱ्याला वाटेल, दुखापत असेल, फॉर्म गेला असेल. पॅकरच्या मॅचचंही असंच. तिथल्या ‘सुपरटेस्ट’मध्ये जगातले सर्वोत्तम खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळले, पण त्या धावा टेस्टच्या हिशेबात नाहीत.

मी डेटाबेसवर काम करतो. आमच्याकडे एक साधी शिस्त आहे : नोंद चुकीची, वादग्रस्त, नामंजूर काहीही असो, ती पुसायची नसते. तिच्यापुढे खूण करायची. ‘अमान्य’ लिहा, ‘अनधिकृत’ लिहा, बेरजेत धरू नका, पण ओळ राहू द्या. कारण ती गोष्ट घडली होती. बंदी घालणं वेगळं आणि घडलंच नाही म्हणणं वेगळं. बंदीला निदान मुदत तरी असते.

आणि वही कुणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं. सुरुवातीला सांगितलेलं सुप्रीम कोर्टाचं वाक्य आठवा. खासगी संस्था, पण मैदानांचे दरवाजे, निवड आणि नोंदवही तिघांच्याही किल्ल्या तिच्याकडे. पुढे भारतीय स्पर्धा आयोगाने नेमका हाच मुद्दा धरला. आयपीएलच्या प्रक्षेपण करारात बोर्डाने कबूल केलं होतं की आयपीएलशी स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या खासगी लीगला मान्यता देणार नाही. २०१३ मध्ये आयोगाने बीसीसीआयला ५२.२४ कोटी रुपये दंड लावला. २०१५ मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला. नव्याने चौकशी होऊन २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा तेवढाच दंड लावला. पण तोवर मुंबई चॅम्प्सला संपून आठ वर्षं झाली होती.

हे फक्त क्रिकेटमध्ये होतं असंही नाही. बास्केटबॉल खेळणारे श्रोते असतील तर त्यांना युबीए प्रो बास्केटबॉल लीग आठवेल. २०१५ ते २०१७ मध्ये चार सीझन झाले. आठ टीम होत्या, त्यातल्या दोन आपल्या : मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज. किती छान नाव आहे ना, पुणे पेशवाज? सहा-साडेसहा फुटी पोरं, अंगावर पेशव्यांचं नाव. मग लीग बंद पडली आणि टीमही गेल्या. क्रिकेटच्या लीगबद्दल निदान माझ्यासारखा कुणी बडबड तरी करतो. त्या पोरांच्या बास्केटची आठवण कोण काढणार?

आता वहीतलं ते पान.

आमच्या भागात भातकापणी झाली की शेतात मैदानं होतात. धसकटं काढायची, बांध थोडा सपाट करायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, झालं पिच. रायगडात ‘एक गाव एक संघ’ अशा स्पर्धा असतात, तुमच्यातले बरेच जण खेळले असतील. नियम सोपा : जो त्या गावचा, तोच त्या गावाकडून खेळणार. हल्ली तर आधार कार्ड बघतात. गावांची मिळून एक कमिटी असते, ती तारखा ठरवते. आणि कमिटीच्या बाहेर जाऊन कुणी वेगळी स्पर्धा भरवली, तर तिथे खेळायचं नाही, असाही अलिखित नियम असतो.

माझा चुलतभाऊ, दादा म्हणतो मी त्याला, तेव्हा बावीस वर्षांचा. डावखुरा. टेनिस बॉल असा काही आत आणायचा की समोरचा फळी उचलेपर्यंत स्टंप पडलेला. जानेवारी २००८ मध्ये एका वेगळ्या मंडळाने स्पर्धा भरवली. मालिकावीराला सायकल होती आणि प्रत्येक मॅचचे थोडे पैसे. दादाकडे नोकरी नव्हती. तो गेला आणि दोन मॅच खेळून आला.

पुढच्या रविवारी आमच्याच गावात कमिटीची सेमीफायनल. दादाने ३ ओव्हरमध्ये ९ धावा देऊन ४ विकेट काढल्या. मी लिहिल्या, चारही. आम्ही जिंकलो. आणि मॅच संपल्यावर कमिटीची माणसं आली. वाद झाला, आवाज चढले. शेवटी तोडगा असा निघाला की गावाला फायनल खेळू द्यायची, पण दादा या सीझनला बाद, आणि या मॅचमध्येही तो खेळला असं दाखवायचं नाही. त्यांच्यातला एक जण माझ्याकडे वळला. "ए स्कोअरर, त्याचं नाव खोड. तिथे बदली खेळाडू लिही."

दादा तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता.

मी खोडलं. निळ्या बॉलपेनने, चार-पाच वेळा रेघ ओढून. वर लिहिलं ‘बदली’. फायनलनंतर उत्कृष्ट गोलंदाजाचं बक्षीस दुसऱ्या गावच्या पोराला मिळालं, त्याच्या ३ विकेट होत्या. मी टाळ्या वाजवल्या.

दादा त्यानंतर फारसा खेळला नाही. खोपोलीला एका कारखान्यात लागला, शिफ्ट सुरू झाल्या, लग्न झालं. याला त्या रविवारचं कारण होतं असं मी म्हणणार नाही, तो स्वतःही म्हणत नाही. पण आमच्यात या विषयावर कधी बोलणं झालं नाही, सतरा-अठरा वर्षांत एकदाही नाही.

कमिटीचा नियम चूक होता का? माहीत नाही. नियमच नसेल तर पैसेवाला मंडप टाकेल आणि गावची टीम एका रात्रीत फुटेल, हेही मी बघितलंय. दादाला सीझनभर बाहेर ठेवलं, हे एक वेळ समजू शकतो. पण त्या ४ विकेट तर पडल्या होत्या. दांड्या उडालेल्या मी बघितल्या होत्या. त्या न पडल्यासारखं लिहिण्याचं काम कमिटीने केलं नाही, ते मी केलं. पेन माझ्या हातात होतं.

दिवाळीच्या पाडव्याला दादा घरी आला तेव्हा मी ती वही त्याच्यासमोर ठेवली. पान उघडून. इतक्या वर्षांत शाई फिकी पडलीय, त्यामुळे खोडलेल्याखालचं नाव आता उलट जास्त स्पष्ट दिसतं. मी म्हटलं, "दादा, हे मी खोडलं होतं." त्याने चष्मा वर केला, पान जवळ घेतलं. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "चार नाही रे, पाच होत्या. पाचवी पडली तेव्हा तू भेळ आणायला गेला होतास."

आम्ही दोघं हसलो. आजीने आतून विचारलं, काय झालं म्हणून.

मी त्या ‘बदली’च्या पुढे दादाचं नाव पुन्हा लिहिलंय. जुनी रेघ तशीच ठेवलीय. पुढे कंसात लिहिलंय, ‘कमिटीने अमान्य’. आणि आकडे : ३ ओव्हर, ९ धावा, ४ विकेट. पाचवी लिहिली नाही, कारण ती मी बघितली नव्हती. दादा म्हणतो ते खरं असेल, पण स्कोअररने बघितलेलंच लिहायचं असतं.

आता तर टेनिस बॉललाही लीग आली. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल सुरू झाली, त्यात ‘माझी मुंबई’ नावाची टीमही आहे. आमच्या तालुक्यातली पोरं यूट्यूबवर बघून गोलंदाजीची अ‍ॅक्शन बदलतात. ती टीम वीस वर्षं टिको, मनापासून. पण लीग येतात आणि जातात. तुमच्या गावात, तुमच्या आळीत जे कुणी खेळलं, त्याची वही कुणाकडे तरी असेल. माळ्यावर, ट्रंकेत, दुकानाच्या गल्ल्याखाली. काढा, फोटो काढून ठेवा. आणि कुणाचं नाव खोडलेलं असेल, तर तो माणूस अजून गावात आहे का बघा. असेल तर एकदा त्याच्याकडे जाऊन या. भेळ घेऊन जा.

चला, कोंबडा आरवायच्या आत थांबतो. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.